सवलत आहे, मग बोटीवर रेडिओ कशाला?

मालवण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव देत नाही. घरच्या दोन फायबरच्या बोटी आहेत, आउटबोर्ड इंजिनवाल्या. सासरे आणि नवरा बोटी चालवतात, बुकिंग आणि हिशेब ताई बघतात. सीझनला किल्ला, डॉल्फिन, खाडीतली सफर असं सगळं चालतं. मध्यंतरी एका पर्यटकाने चढता चढता विचारलं की तुमच्या बोटीवर रेडिओ आहे का, आणि ताईंना काय सांगावं कळेना. कागदपत्रं करून देणारा एजंट म्हणतो, छोट्या बोटींना रेडिओची सक्ती नाही, सवलत आहे, गप्प बसा. दीर ऑनलाइन वॉकीटॉकी मागवायला निघालाय, त्यावर 'लायसन्स लागत नाही' असं लिहिलंय म्हणून. सासरे म्हणतात, "चाळीस वर्सां दर्यात काढलंय, माका रेडिओ कित्याक होयो? मोबाईल आसा मा." आणि बोटवाल्यांच्या संघटनेतल्या लोकांचं म्हणणं, तू बंदर ऑफिसात जाऊन विचारलंस तर उद्या सगळ्यांवर सक्ती येईल. ताईंचा प्रश्न: रेडिओ घ्यावा का, घ्यायचा तर कुठला, आणि विचारायला जावं की नको?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या आजूबाजूला चार जण चार वेगळ्या गोष्टी बोलताहेत आणि प्रत्येकाला वाटतंय की विषय एकच आहे, तर आधी ते वेगळं करून घेऊ. एजंट सांगतोय ते 'कुठल्या बोटीवर रेडिओ असलाच पाहिजे' याबद्दल. दीर सांगतोय ते 'कुठला रेडिओ लायसन्सशिवाय वापरता येतो' याबद्दल. पहिली गोष्ट बोटीच्या सुरक्षिततेच्या नियमांची आणि दुसरी दूरसंचार विभागाची, दोन्हीकडे सवलत आहे म्हणून दोन्ही सवलती एकत्र करून आपण मोकळे झालो असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही.

एजंटच्या बोलण्यात थोडं खरं आहे. जहाजांवरच्या रेडिओचा जो मोठा आंतरराष्ट्रीय नियम आहे, सोलास कराराचं (समुद्रावर माणसांचे जीव सुरक्षित राहावेत म्हणून देशादेशांत झालेला करार) चौथं प्रकरण, त्यातली जीएमडीएसएस नावाची संकटात संपर्क साधायची व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्ण लागू झाली, ती एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रवासी जहाजांना आणि ३०० टन आणि त्यावरच्या मालवाहू जहाजांना लागते. तुमची फायबर बोट त्यात मुळात येतच नाही. त्याच्या खालच्या बोटींचं काय ते ज्या त्या देशाने ठरवायचं, उदाहरणार्थ अमेरिकेत सहापेक्षा जास्त भाडं देणारे प्रवासी घेऊन समुद्रात जाणाऱ्या बोटीला रेडिओटेलिफोन सक्तीचा आहे, बोट किती छोटी का असेना, आणि सवलत मिळते ती मार्ग आणि परिस्थिती बघून. आपल्याकडे तुमच्यासारख्या बोटींची नोंदणी आणि सर्व्हे महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे होतो, आणि १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलवाहन कायदा आलाय त्यात पाण्याचे झोन लाटांच्या उंचीवरून ठरवलेत. म्हणजे कुठली बोट कुठल्या पाण्यात चालते त्यावर तिच्यावर काय काय पाहिजे ते ठरतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुम्हालाच आहे. तुमच्या बोटींचं सर्व्हे सर्टिफिकेट तुम्ही स्वतः शेवटचं कधी वाचलंत? बहुतेक घरांत ते प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात असतं आणि रिन्यूअलच्या वेळी एजंटच्या हातात जातं. ते काढा, त्यावर प्रवासी किती, खलाशी किती, बोट कुठल्या हद्दीत चालवायची, कुठली साधनं असली पाहिजेत, अटी काय, हे सगळं नीट वाचून काढा. तुमच्या बोटीला काय लागू आहे याचं उत्तर त्या कागदावर आहे. एजंट चांगला माणूस असेलही, पण काही झालं तर सही त्याची नसते, बोट तुमच्या घरच्यांच्या नावावर असते.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सवलत कशी देतात ते बघा. त्याच सोलासच्या प्रकरणात सवलतीचं कलम आहे, त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की या नियमांपासून दूर न जाणंच चांगलं, आणि तरीही एखाद्या जहाजाला सूट द्यायची तर किनाऱ्यापासून जास्तीत जास्त किती लांब जाणार, प्रवास किती वेळाचा आणि कसला, वाटेत धोके नाहीत ना, हे बघून द्यायची, आणि या सुटीचा बाकीच्या सगळ्या जहाजांच्या सुरक्षिततेवर काय परिणाम होईल तेही बघायचं. हे मोठ्या जहाजांसाठी लिहिलेलं असलं तरी विचार कुठल्याही होडीला लागू पडतो. सूट मिळते ती त्या मार्गाला, त्या अंतराला, त्या हवेला, आणि मार्ग बदलला की तिचा आधारच जातो.

आता तुमच्याच ट्रिपा या मापाने बघा. जेटीवरून किल्ल्यापर्यंत, खडक चुकवत, ठरलेल्या वाटेने, दोन्हीकडून माणसं बघताहेत, मागेपुढे दहा होड्या आहेत. इथे कुणी म्हणालं की रेडिओ नसला तरी चालेल तर मी वाद घालणार नाही. खाडीतली सफर, त्याहून शांत पाणी. पण डॉल्फिन? डॉल्फिन काही जेटीजवळ येऊन थांबत नाहीत, पर्यटकांनी पैसे दिलेले असतात, पहिल्या अर्ध्या तासात दिसले नाहीत की तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, अजून थोडं बाहेर घेतो, मग निवतीच्या बाजूला, मग अजून थोडं, आणि हे प्रत्येक 'अजून थोडं' त्या सर्टिफिकेटवरच्या हद्दीच्या आत आहे का हे त्या क्षणी कुणी बघत नाही. सकाळी मतलय, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, असतो तोवर पाणी कसं ताटासारखं असतं, दुपारी पश्चिमेचा वारा उठला की तीच बोट तोंडावर लाटा घेत परत येते. त्यातून खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा, ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय आणि लाट आत येतेय, अशा वेळी इंजिन बंद पडलं तर काय होतं ते तुमच्या सासऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. तेव्हा 'आमच्या बोटीला रेडिओ लागतो का' हा प्रश्न बदलून 'आमच्या कुठल्या ट्रिपला लागतो' असा विचारा, उत्तर तुम्हाला स्वतःलाच मिळेल.

मोबाईलचं. तुमच्या सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे, किनाऱ्याजवळ रेंज असेल तर मोबाईल उपयोगी आहेच, आणि तीन नंबर प्रत्येक खलाशाच्या फोनमध्ये सेव्ह पाहिजेतच: कोस्ट गार्ड १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि नेहमीचा ११२. पण मोबाईलवरून तुम्ही एका माणसाला फोन करता. तो उचलेल, मग तो दुसऱ्याला सांगेल, दुसरा जेटीवर धावेल. आणि टॉवर लावलेत ते गावासाठी, समुद्रासाठी नाही. स्क्रीनवर खारं पाणी पडलं की बोटाला दाद देत नाही, फोन पाण्यात गेला की संपलं, आणि तुमच्यापासून एक किलोमीटरवर जो ट्रॉलर उभा आहे त्याच्या तांडेलाचा नंबर तुमच्याकडे नसतो. मरीन व्हीएचएफवर, म्हणजे बोटींसाठीच्या रेडिओवर, संकटाच्या आणि हाक मारायच्या सोळा नंबरच्या चॅनेलला, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, तुम्ही एकदा बोललात की टप्प्यात जे जे ऐकत असतील त्या सगळ्यांना एकाच वेळी कळतं, त्यात तो ट्रॉलरही आला. समुद्रात पहिली मदत बहुतेक वेळा जवळच्या बोटीचीच असते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ माणसं गेली, आणि पाण्यात पडलेल्यांना उचलायला आसपासच्या बोटी धावल्या होत्या. तिथे मुंबई बंदर होतं, पाण्यावर वर्दळ होती, सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. निवतीच्या बाहेर दुपारी तीन वाजता कोण बघतंय? २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, ते तुमच्याकडे कुणी विसरलेलं नसेल.

अजून एक गोष्ट जी या वादात कुणीच बोलत नाही, रेडिओ ऐकायचा पण असतो. आपण सगळे 'संकट आलं तर बोलायला' असाच विचार करतो. पण सोळा नंबरवर हवामानाचा इशारा येतो, कुणाच्या बोटीत पाणी भरतंय ते येतं, मोठं जहाज कुठून येतंय ते येतं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी होड्या बाहेरच होत्या आणि वादळ अंगावर आलं. रेडिओ नसलेली बोट स्वतः मुकी असतेच, शिवाय शेजारच्या बोटीवर कुणी बुडत असेल तर तिच्यापर्यंत ती हाकही पोचत नाही, आणि ती शेजारची बोट उद्या तुमच्याच वाडीतली असू शकते. सोलासने 'सगळ्या जहाजांची सुरक्षितता' म्हटलंय ते याच्यासाठी.

आता दिराला ऑर्डर कॅन्सल करायला सांगा, निदान थांबवा. लायसन्स लागत नाही ती वॉकीटॉकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, कमी ताकदीची, आणि तीसुद्धा मंजुरी मिळालेलं मॉडेल असेल तरच. ती घेऊन तुमच्या दोन बोटी एकमेकींशी बोलतील, जेटीवरच्या पोराशी बोलतील, चांगलंय, तेवढ्यासाठी वापरा हवं तर. पण तिच्यावरून सोळा नंबर लागत नाही, कोस्ट गार्डला ती ऐकू जात नाही, ट्रॉलरला ऐकू जात नाही. आणि ऑनलाइन काही सेट असे मिळतात की जे कुठल्याही फ्रिक्वेन्सीला लावता येतात, विकणारा म्हणतो मरीन चॅनेल पण टाकून देतो. ते घेऊ नका. तो सेट मरीनचा नसतो, पाण्यासाठी केलेला नसतो, आणि लायसन्सच्या सवलतीतही बसत नाही. एका खर्चात दोन चुका होतील.

खरा मरीन व्हीएचएफ घ्यायचा तर त्याला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं (वायरलेसचे परवाने देणारी शाखा) लायसन्स लागतं, आणि चालवणाऱ्याकडे ऑपरेटरचं सर्टिफिकेट लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, महिने जातात, मला माहितीये. पण बंद सीझन त्यासाठीच आहे, पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा कागद फिरू द्या.

कुठला सेट हे थोडं सविस्तर सांगते कारण इथे लोक पैसे वाया घालवतात. हातातला सेट साधारण ५ वॅटचा, बोटीला बसवायचा २५ वॅटचा. पण वॅटपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची, कारण व्हीएचएफ जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातो. हिशेब सोपा आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, चारने गुणा, साधारण तेवढे किलोमीटर. पाण्यापासून दीड मीटरवर हातात धरलेला सेट, पाच किलोमीटर. बोटीवर चार मीटरच्या काठीवर अँटेना, आठ किलोमीटर. आणि समोरच्याचा अँटेना शंभर मीटर उंच सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, असला तर त्याचे चाळीस, दोघांची बेरीज करायची. प्रत्यक्षात याहून कमीच धरा. म्हणजे दोन छोट्या बोटी हातातल्या सेटवर एकमेकींना दहा किलोमीटरच्या आतच ऐकणार, पण किनाऱ्यावर उंच जागी ऐकणारं कुणी असेल तर चित्रच बदलतं. उघड्या बोटीला, वर छप्पर नाही, बॅटरी फक्त इंजिन स्टार्टपुरती, अशा ठिकाणी मी वॉटरप्रूफ हँडसेटपासून सुरुवात करा म्हणेन, दोरीने लाइफ जॅकेटला बांधलेला, तांडेलाच्या अंगावर, डब्यात कुलूपबंद नाही. मोठी बोट, केबिन आहे, बाहेर जाते, तर बसवलेला २५ वॅटचा आणि शिवाय एक हातातला, कारण बोटीत पाणी शिरलं की बॅटरी आधी जाते.

बसवलेल्या सेटवर डीएससीचं, म्हणजे न बोलता संकटाचा संदेश पाठवायचं, लाल बटण असतं. ते दाबून धरलं की सत्तर नंबरच्या चॅनेलवरून तुमच्या बोटीचा नंबर आणि जागा आपोआप जाते, पण त्यात तुमचा नऊ आकडी एमएमएसआय नंबर, म्हणजे बोटीच्या रेडिओची ओळख, भरलेला पाहिजे (आपल्या देशाचे ४१९ ने सुरू होतात) आणि जीपीएस जोडलेला पाहिजे. जुना सेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला तर त्यात आधीच्या मालकाचा नंबर असू शकतो, मग संकटात बटण दाबलं तरी शोधणाऱ्यांच्या समोर दुसऱ्याच बोटीचं नाव येईल. बदलून मिळत असेल तरच घ्या. सत्तरवर बोलायचं नसतं हेही सगळ्यांना सांगून ठेवा.

सासऱ्यांशी कसं बोलायचं? ताई, मला वाटतं तुम्ही त्यांना रेडिओ म्हणजे तुमच्या अनुभवावर शंका असं ऐकू येईल अशा पद्धतीने सांगताय, कदाचित नकळत. चाळीस वर्षांचा अनुभव बोट सुखरूप आणण्यासाठी आहे. पण बोटीवर त्यांनाच काही झालं, छातीत कळ आली, दोरीत हात अडकला, तर मागे कोण आहे? एक अठरा वर्षांचा खलाशी आणि वीस पर्यटक, ज्यांना ते कुठे आहेत हेसुद्धा सांगता येणार नाही. रेडिओ त्या पोरासाठी घ्यायचाय हे त्यांना सांगा, आणि त्या पोराला शिकवायचं काम त्यांच्याकडेच द्या. काय बोलायचं ते कागदावर मराठीत लिहून लॅमिनेट करून बोटीत चिकटवा: सोळा नंबर, मेडे तीनदा, बोटीचं नाव तीनदा, कुठे आहोत, काय झालंय, माणसं किती, मग बटण सोडायचं आणि ऐकायचं. बटण सोडायचं हे लोक विसरतात, घाबरलेला माणूस ते दाबूनच धरतो, आणि मग कुणी उत्तर देत असलं तरी त्याला ऐकू येत नाही. मेडे जीव धोक्यात असतानाच. नुसतं इंजिन बंद पडलंय, हवा बरी आहे, तर मेडेऐवजी 'पॅन पॅन' म्हणायचं. आणि सोळा नंबरवर गप्पा नाहीत, 'मासळी काय मिळाली' नाही, हाक मारून दुसऱ्या चॅनेलवर जायचं.

संघटनेचं मला वाईट वाटलं. विचारलं तर सक्ती येईल ही भीती मी समजू शकते, सीझन सात-आठ महिन्यांचा, त्यात डिझेल-पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हे, आणि वर हा खर्च. पण न विचारल्याने नियम कधी थांबलेत? नियम अपघातानंतर येतात, आणि तेव्हा ते घाईत येतात, सगळ्यांना एकच माप लावून, किल्ल्याच्या होडीला आणि बाहेर जाणाऱ्या बोटीला सारखंच. आज तुम्ही स्वतःहून मार्गाप्रमाणे मांडणी करून गेलात, की किल्ल्याच्या ट्रिपला हँडसेट पुरे, बाहेरच्या ट्रिपला बसवलेला सेट, तर तुमच्या म्हणण्याला वजन राहील. आणि खर्च वाटून घ्या ना. संघटनेने जेटीजवळ किंवा सड्यावर कुणाच्या तरी घरी एक किनाऱ्यावरचा सेट लावला, रीतसर त्याचं वेगळं लायसन्स काढून, आणि बोटी बाहेर असतील तेवढा वेळ एक माणूस ऐकत बसला, तर प्रत्येकाच्या छोट्या हँडसेटचा उपयोग दुप्पट होईल. राजपुरीला जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या आहेत, हर्णैला सुवर्णदुर्गाच्या, त्यांनाही हे जमण्यासारखं आहे.

मासेमारी बोटींना सरकार ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) बसवतंय, इस्रोचं डिस्ट्रेस अलर्टचं यंत्रही आहे, उपग्रहावरून संदेश जातो आणि नव्या यंत्रात पोचलाय हे परत कळतं. ते मच्छीमारांसाठी आहे, तुमच्या पर्यटन बोटीला आपोआप मिळणार नाही, पण घरात मासेमारीची बोट असेल तर तिच्यावर जरूर घ्या.

आणि बिनखर्चाची एक गोष्ट, ती उद्यापासून. बुकिंग तुम्ही बघता, म्हणजे वही तुमच्याकडेच आहे. प्रत्येक ट्रिपला लिहा: कुठली बोट, तांडेल कोण, माणसं किती त्यात पोरं किती, कुठे जाणार, किती वाजता परत. आणि आधीच ठरवून टाका की ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास झाला आणि फोन लागला नाही, तर तुम्ही वाट बघत बसणार नाही, १५५४ ला फोन करणार. नवरा परत आल्यावर चिडला तरी चालेल. लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही, हे मी वेगळं सांगत नाही.

तर विचारायला जा. एकट्या नका जाऊ, संघटनेतली दोन माणसं तरी पटवा, नाही पटली तर दिराला घेऊन जा. बंदर निरीक्षकांना तोंडी विचारू नका, अर्ज लिहा: बोटीचा नोंदणी क्रमांक, लांबी, प्रवासी संख्या, आणि खाली तिन्ही ट्रिपा वेगवेगळ्या, किनाऱ्यापासून जास्तीत जास्त किती लांब जातो त्या खऱ्या आकड्यासह, आणि प्रश्न एवढाच की यातल्या प्रत्येक ट्रिपला संपर्काचं कुठलं साधन लागतं ते लेखी कळवावं. पोच घ्या, झेरॉक्स सर्टिफिकेटच्या पिशवीत ठेवा. उत्तर येईपर्यंत डॉल्फिनच्या ट्रिपला एकटी बोट पाठवू नका, दोन्ही बोटी एकत्र, नाहीतर शेजारच्याची बोट बरोबर, आणि दुपारचा वारा उठायच्या आत परत.